मोरीतली चिंधी

उस्ताद,

त्या दिवशी सकाळी मी तीन नंबरच्या टिपरखाली पाठीवर आडवा पडलो होतो. कालव्याच्या खोदाईत तळाला पाझर लागला आहे, त्यामुळे गाड्या संध्याकाळी परततात त्या पोटापर्यंत काळ्या मातीने लिंपलेल्या असतात. ती माती तुम्हाला माहीत आहे. ओली असताना लोण्यासारखी आणि सुकली की विटेसारखी. मागच्या स्प्रिंगच्या पाट्याचा एक नट सैल वाजतोय असं मला वाटत होतं आणि तो बघायला आधी सगळं धुवावं लागणार होतं. पंपाचं पाणी सुरू करण्याआधी मी खिशातली चिंधी काढली, तिची घट्ट गुंडाळी केली आणि मागच्या ब्रेकच्या रिले व्हॉल्व्हच्या खालच्या तोंडात अंगठ्याने दाबून बसवली, म्हणजे आत पाणी जाऊ नये. तुम्ही करायचात तसंच. मग धुतलं, नट आवळला, बाहेर आलो, हात पुसले. ड्रायव्हर उभाच होता, पहिली खेप मारायची घाई होती. गाडी गेली. चिंधी आतच राहिली. मी ती काढायची विसरलो.

तुम्ही गेलात त्याला आता सतरा वर्षं झाली असतील. इतक्या वर्षांत मी तुम्हाला कधी लिहिलं नाही, आणि तुम्ही असतात तरी तुम्हाला वाचून दाखवायला मीच लागलो असतो. तुम्ही मला मुन्शी म्हणायचात ते त्यासाठीच. गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेला माणूस तुमच्या गॅरेजमध्ये दुसरा नव्हता. पण त्या हाकेत कौतुक किती आणि टोमणा किती हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. बाविसाव्या वर्षी मी तुमच्याकडे आलो. जिंतूर रस्त्यावरचं ते पत्र्याचं शेड, लढाईनंतर निकालात काढलेल्या फौजी गाड्या, मागे तुमचं दोन खोल्यांचं घर. पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, उस्ताद, हे भांडं मागे कशाला बसवलंय, ब्रेक तर पुढे पायाखाली आहे. तुम्ही माझ्याकडे पाहिलंही नाहीत. "मुन्शी, किताब पढने आया क्या? पाना दे," म्हणालात. पाना दिला. तुम्ही तो व्हॉल्व्ह खोलून बाकावर घेतलात आणि माझ्याकडे पाठ केलीत.

ती पाठ मला अजून दिसते. घामाने ओला झालेला मलमलचा सदरा, त्यातून दिसणारा कणा. तुम्ही काहीतरी काढताय, रॉकेलमध्ये धुताय, परत बसवताय आणि मी तुमच्या खांद्यावरून मान लांब करून बघायला लागलो की तुम्ही खांदा थोडा आणखी वळवताय. सहा वर्षं, उस्ताद. तुमच्याकडच्या सगळ्या कामात मी तयार झालो, पण त्या भांड्याच्या आत काय आहे हे मला सहा वर्षं माहीत नव्हतं. तुमच्यासारखे सगळेच उस्ताद एक चावी आपल्याजवळ ठेवतात, हे नंतर कळलं. पोटाचा प्रश्न असतो, हेही कळलं. तरी राग येतो. आज पन्नाशीला आलो तरी येतो. तुम्ही मला काम शिकवलंत आणि त्याच्यासोबत पाठ फिरवणंही शिकवलंत. दुसरी गोष्ट मी जास्त चांगली शिकलो.

मग तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. एक दिवस परभणीच्या एका मोठ्या जोडगाडीचा व्हॉल्व्ह बाकावर होता आणि तुमचा हात आतल्या स्प्रिंगभोवती चाचपडत होता. मग न बघताच म्हणालात, "मुन्शी, इधर आ. क्या दिखता, बोल."

मी सांगतोय. वर एक रबराची चकती आहे उस्ताद, खाली छोटं दार आहे, दाराखाली स्प्रिंग आहे, खाली उघडं भोक आहे. तुम्ही मान हलवताय. "हौ. हौ. वोइच." आणि मग तुम्ही पहिल्यांदाच मला समजावून सांगायला लागता, तेही कसं, तर मागच्या घराकडे तोंड करून जोरात हाक मारता, "अजी सुनते हो, थाली लगाव!" आतून चाचींचा आवाज येतो, "लगायी, आव!" तुम्ही माझ्याकडे वळता. "मैं यहाँ से क्या भेजा? आवाज भेजा. खाना भेजा क्या? खाना तो उधरीच था, चूल्हे पे. समझा?"

मला समजलं नव्हतं. माझ्या चेहऱ्यावरून तुम्हाला ते दिसलं नसणार, पण माझ्या गप्प बसण्यातून कळलं असणार.

"अरे मुन्शी, ड्रायवर इधर बैठा, चाकां उधर, बीस फूट पे. पूरी हवा इधर से उधर भेजे तो कब पहुँचेगी? गाडी नाले में जाने के बाद. इसके वास्ते हवा की टाकी पीछे रखे. ड्रायवर पेडल दबाया तो पतली नली से जरासी हवा आती, खाली आवाज के सरका. ये चकती सुनती. दरवाजा खोलती. टाकी की हवा वहीच से चाकां में जाती. खाना वहीच पक्या, वहीच परोसा." मग तुम्ही उघड्या भोकावर बोट ठेवलंत. "और खाना हुआ, तो झूटे बर्तन इधर गॅरेज में लाके धोते क्या? वहीच मोरी है. पाँव उठाया, दरवाजा बंद हुआ, चाकां की हवा यहाँ से बाहर. फस्स. ये मोरी है, मुन्शी. मोरी बंद, तो पूरा घर पानी में."

इतकं साधं होतं. त्यासाठी सहा वर्षं.

त्या दिवशी मी तुमच्या घरात जेवलो. आधीही जेवलो होतो, पण ओसरीवर. त्या दिवशी तुम्ही मला आत नेलंत, चुलीजवळ, आणि चाचींनी तुमच्या ताटाशेजारी माझं ताट मांडलं. आमच्या वस्तीतल्या माणसाला गावात कोण चुलीजवळ बसवत होतं? मी भात खाल्ला तो डोळे खाली ठेवून. तुम्हाला माझे डोळे दिसत नव्हते हे बरं झालं. खरी मोरी कोपऱ्यात होती, दगडी, तिच्या तोंडाशी नारळाची शेंडी. तुम्ही तिकडे हात करून पुन्हा म्हणालात, "देखा?" आणि चाची म्हणाल्या, "हो गया इनका. अब मोरी बी पढायेंगे." सगळे हसलो.

तर मोरीचा एक नियम होता तुमचा. एक्सल धुताना मोरीत चिंधी कोंबली की लगेच डोक्यावरची काळी गोल टोपी काढायची आणि गाडीच्या स्टेअरिंगवर अडकवायची. टोपीशिवाय तुम्ही बाहेर पडायचा नाहीत, आणि नमाजाची वेळ झाली की टोपी लागायचीच, त्यामुळे चिंधी विसरणं शक्यच नव्हतं. मला तो नियम बावळट वाटायचा. तुमच्या माघारी मी बाकीच्यांना म्हणायचो, आज उस्तादांची टोपी गाडी चालवायलीय. फार हसायचे सगळे. नंतर मी स्वतः मिस्त्री झालो तेव्हा तो नियम सोडून दिला. मला लक्षात राहतं, असं मला वाटायचं. आणि खरंच राहायचं. हे पुढे सांगतो.

त्या चिंधीचं काय झालं ते आधी लिहितो. कालव्याच्या कामावर मी तीन वर्षांपासून हेडमिस्त्री आहे. दुष्काळ उलटला, कामं निघाली, ठेकेदाराने मोठे टिपर आणले, पूर्ण हवेच्या ब्रेकचे, आणि त्यांना हात लावणारा माणूस जवळपास नव्हता म्हणून मला बोलावलं. कॅम्पवर एक तरुण साहेब आहेत, इंजिनिअर. कामाला तडफदार, पण गाडीच्या खाली कधी वाकून बघितलेलं नाही. तीन नंबरचा ड्रायव्हर सोनपेठकडचा आहे, पस्तिशीतला, जरा बडबड्या. गाडीला हात लावायच्या आधी स्टेअरिंगच्या पाया पडतो. मला त्याचं हसू यायचं नाही. मीही रोज सकाळी घरून निघताना बुद्धवंदना म्हणतो, पंचशील म्हणतो. ज्याचं त्याचं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्याकडे आला. साहेब तिथेच उभे होते, हातात वही. तो म्हणाला, "मिस्त्री, गाडी मागून धरायलीय. काल सांजच्यापासून. पाय काढला तरी कुणीतरी शेपूट धरल्यावाणी वाटायलंय."

मी म्हणालो, "पाय काढतोस का पण? तुजा पाय पेडलवरच ऱ्हातो. बायकोला सोडून आल्यापासून पाय जड झालाय तुजा."

लोक हसले. साहेबही हसले. तोही हसला आणि डोकं खाजवत गाडीत जाऊन बसला. दुपारी दोनच्या सुमाराला उतारावर त्याच्या मागच्या डाव्या चाकांनी पेट घेतला.

मी धावत गेलो तेव्हा माती वाहणाऱ्या बाया डोक्यावरच्या पाट्या थेट टायरवर ओतत होत्या. एकीमागून एक, न थांबता, कुणी सांगितलं नव्हतं. ड्रायव्हर सदरा काढून त्याने आग बडवत होता. विझली तेव्हा त्याचा उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत सोलला होता आणि दोन्ही टायर गेले होते. टायर मिळत नाहीत आजकाल, उस्ताद, कागद देऊन महिनोन् महिने वाट बघावी लागते. साहेबांचा चेहरा पांढरा पडला होता. मी गाडीखाली शिरलो. मोरीत चिंधी होती. वरून माती बसून, सुकून, बुचासारखी झाली होती. ब्रेक दाबला की हवा चाकांत जात होती आणि पाय उचलला की थेंबाथेंबाने निघत होती, म्हणजे ब्रेकचे लायनर चाकातल्या ड्रमवर घासतच राहिले होते. पुढची चाकं सुटलेली, मागची धरलेली. मी स्क्रू-ड्रायव्हरने ती चिंधी उकरून काढली आणि खिशात घातली. गाडीखालून बाहेर आलो तेव्हा साहेब म्हणाले, "काय दिसलं?"

"ड्रम तापले, साहेब."

"म्हणजे पाय पेडलवर. तुम्ही सकाळीच म्हणालात."

मी स्क्रू-ड्रायव्हर पुसत राहिलो. संध्याकाळी कचेरीत कागद आला. चालक ब्रेकवर पाय ठेवून गाडी चालवतो असे हेडमिस्त्रीचे मत आहे. खाली सहीची जागा. माझं मत! थट्टेत बोललेलं वाक्य, ते शाईत आलं होतं. मी सही केली. ड्रायव्हरला त्याच दिवशी कामावरून काढलं. जाताना तो माझ्याकडे आला नाही. हाताला फडकं बांधून, ट्रंक खांद्यावर घेऊन रस्त्याने गेला.

अकरा दिवस मी गप्प राहिलो. रोज सकाळी पंचशील म्हणायला बसायचो आणि चौथ्या शीलापाशी आवाज खाली जायचा. खोटं न बोलण्याचं शील ते. एकदा बायकोने आतून विचारलं, "मधीच का थांबलाव?" मी म्हणालो, घसा बसलाय. म्हणजे त्याच जागी बसून आणखी एक खोटं. बाराव्या दिवशी मी साहेबांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. चिंधी टेबलावर ठेवली.

आणि इथे मला जो वैताग आला, उस्ताद, तो मी तुम्हाला कसा सांगू. माणूस आपला गुन्हा घेऊन जातो आणि समोरचा तो घेतच नाही! साहेबांनी पेन्सिलीच्या टोकाने चिंधी उलटी केली. "एवढ्याशा चिंधीने दोन टायर जळतात?"

मी सांगितलं, साहेब, ती हवेची बाहेर जायची वाट आहे.

"मग हवा आतच राहील. आत राहिली तर चांगलंच ना, ब्रेकला हवा लागते."

मी पुन्हा सांगितलं. पेडल, नळी, चकती, दार. ते ऐकताना घड्याळ बघत होते. मग हळू आवाजात म्हणाले, "मिस्त्री, मला समजतं. तुमचा दोस्त आहे तो. घरी लेकरंबाळं असतील. पण असं काहीतरी रचून सांगू नका. प्रकरण वर गेलंय."

मी काय रचणार? मला दोन शब्द धड समजावून सांगता येत नव्हते, आणि तेव्हा मला तुमची ती पाठ आठवली आणि अंगाचा तिळपापड झाला. तुम्ही मला वेळेवर, तोंडासमोर, शब्दांनी शिकवलं असतं तर मलाही शब्दांनी सांगता आलं असतं. हाताला येतं ते जिभेला येत नाही. तीन दिवस मी त्या कचेरीच्या पायऱ्या चढलो. तिसऱ्या दिवशी साहेब चिडून म्हणाले, "काय लावलंय? दाखवा मग!"

दाखवलं. पाच नंबरची गाडी रिकामी उभी होती. मागचा एक्सल दोन्ही बाजूंनी जॅकवर उचलला, गिअर काढला, हवा भरली. साहेबांना म्हणालो, चाक फिरवा. त्यांनी रुमाल काढून हात लावला, चाक हलकं फिरलं. एका ड्रायव्हरला वर बसवून पेडल दाबायला लावलं, सोडायला लावलं. फस्स. चाक फिरलं. मग मी साहेबांच्या देखत मोरीत चिंधी कोंबली. दाब म्हणालो, सोड म्हणालो. आवाज नाही. "आता फिरवा, साहेब." त्यांनी एका हाताने लोटलं, मग दोन्ही हातांनी, मग रुमाल टाकून टायरला खांदा लावला. चाक हलेना. वरून ड्रायव्हर ओरडला, "साहेब, पाय खाली हाय बघा माजा, फळीवर!" मी तुमची थाळी सांगितली, चूल सांगितली, उष्टी भांडी सांगितली. मोरी म्हणालो तेव्हा साहेब मोठ्याने हसले, आणि हसताना त्यांना कळलं. मी चिंधी उपसली. फस्स करून सगळी धूळ त्यांच्या पँटवर उडाली आणि चाक मोकळं झालं.

साहेब वाईट माणूस नाहीत. कळलं तेव्हा त्यांनी लगेच कागद घेतला. "लिहा. चिंधी काढायची विसरलो. विसरणं कुणाच्याही हातून होतं. तुम्हाला एक ताकीद देऊ, त्याला परत घेऊ, विषय मिटला." मी लिहिलं. विसरलो. सही केली.

ड्रायव्हर बायकोच्या माहेरी चुडाव्याला होता, स्टेशनवर पोती चढवत होता. मी पॅसेंजरने गेलो. मालाच्या फलाटावर तो ज्वारीचं पोतं पाठीवर घेऊन वाकून चालला होता, हातावरची नवी कातडी गुलाबी दिसत होती. मला बघून पोतं खाली ठेवलं. "मिस्त्री? तुमी इकडं कुणीकडं?"

मी सांगितलं. चिंधी विसरलो म्हणून सांगितलं. तो पोत्यावर बसला. मग म्हणाला, "माजी बायकू रोज इचारायली, खरंच पाय ठिवत व्हतात का. आदी म्या न्हाई म्हणायचो. मंग मलाबी वाटायलं, ठिवत आसंल. एवडे मोटे मिस्त्री म्हणायलेत." आणि माझा हात धरून म्हणाला, "माणूस विसरतंय, मिस्त्री. तुमी एवड्या लांब आलाव, लय झालं." त्याच्या सासूने मला चहा दिला, जाताना शेंगा बांधून दिल्या.

इथे संपायला हवं होतं. तो परत आला, जुने टायर चढवलेल्या तीन नंबरवर बसला. पण उस्ताद, तो आता अनवाणी गाडी चालवतो. पायताण काढून सीटखाली ठेवतो, म्हणजे पायाला पेडल कळावं. आणि ब्रेक मारून झाला की पाय एकदम वर घेतो, गुडघा स्टेअरिंगला लागेल इतका, आणि मग खाली फळीवर आपटतो. लोक त्याची नक्कल करतात. परवा भरावाच्या टोकाशी मी उभा होतो. समोर बाया पाट्या घेऊन आडव्या गेल्या आणि त्याचा पाय पेडलवर पडायला क्षणभर उशीर झाला. गाडी थांबली, हातभर अंतर ठेवून थांबली. त्याला विचारलं, काय झालं रे? तो म्हणाला, "पाय टाकू का नको असं झालं, मिस्त्री. आजून भरोसा न्हाई वाटत पायाचा."

म्हणून आता वरचं दुरुस्त करतो. पहिल्याच परिच्छेदात मी तुम्हाला लिहिलं आहे की मी विसरलो. साहेबांना तेच लिहून दिलं, चुडाव्यात तेच सांगितलं. ते खोडत नाही, तसंच राहू द्या. पण मी विसरलो नव्हतो. गाडी गेली त्याच दिवशी दुपारी, शेडच्या सावलीत भाकर सोडून बसलो होतो, तेव्हा मला चिंधी आठवली. स्पष्ट आठवली, अंगठ्याने दाबल्याची खूण अंगठ्याला जाणवली. गाडी दोन मैलांवर होती. मी मनाशी म्हणालो, हवेच्या जोराने उडून जाईल. संध्याकाळी बघू. संध्याकाळी गाडी उशिरा आली आणि मी सायकलवर घरी निघून गेलो होतो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो साहेबांसमोर म्हणाला, गाडी धरायलीय, तेव्हा मला पक्कं कळलं की ती उडालेली नाही. खाली वाकून काढायला दोन मिनिटं लागली असती. पण साहेब उभे होते, हेडमिस्त्री गाडीखालून आपलीच चिंधी काढताना दिसला असता. म्हणून मी थट्टा केली. तुम्ही खांदा वळवायचात ना, तसा मी खांदा वळवला. तुमची पाठ रबराची चकती लपवायची. माझ्या पाठीने एका माणसाचा पाय त्याच्यापासून काढून घेतला.

या गोष्टीला तुम्ही जबाबदार नाही. एवढी पानं मी तुमच्यावर चिडून लिहिली, तरी नाही.

आज सकाळी कचेरी उघडायच्या आधी मी नवा कागद साहेबांच्या टेबलावर वजनाखाली ठेवला. त्यात विसरलो हा शब्द नाही. ते काय करायचं ते करतील. मग तीन नंबरपाशी गेलो. तो स्टेअरिंगच्या पाया पडत होता. त्याचं होईपर्यंत थांबलो आणि म्हणालो, "गाडी धरायलीय म्हणलास, तवा तुजं खरं व्हतं. मला ठाऊक व्हतं."

"काय ठाऊक व्हतं?"

"चिंधी आत हाय म्हणून. आदल्या दिवशी दुपारीच आठवलं व्हतं."

"दुपारी? कवा?"

"भाकर खाताना."

"मंग?"

"मंग काय न्हाई. भाकर खाल्ली."

मला वाटलं शिवी देईल. दिली असती तर बरं झालं असतं. तो गाडीत चढला, दार ओढून घेतलं, इंजिन सुरू केलं आणि मी बाजूला व्हायची वाट बघत समोर बघत बसला. मी बाजूला झालो.

हे पत्र मी पंधरा दिवसांपासून थोडं थोडं लिहितो आहे. तुम्ही उत्तर देणार नाही हे माहीत होतं, म्हणूनच तुम्हाला लिहायला बसलो, हे कबूल करतो. ज्याला उत्तर देता येतं त्याला आज सांगून झालं. संध्याकाळी गाडी परत येईल, आणि आज मी लवकर घरी जाणार नाही.